जलदाब नियंत्रक (आरव्हीमधील)

जलदाब नियंत्रक म्हणजे बाहेरच्या नळातून आरव्हीत शिरणाऱ्या पाण्याचा दाब ठरावीक मर्यादेपर्यंत उतरवणारे, मुठीत मावेल एवढे पितळी उपकरण. आरव्ही हे चाकांवरचे घर. स्वतःचे इंजिन असलेले मोटरहोम असो की पिकअपमागे ओढायचा ट्रेलर, आत सहसा ओटा, न्हाणीघर, शौचकूप आणि गरम पाण्याची टाकी असते. अमेरिकेत आणि कॅनडात अशा गाड्या हजारो कॅम्पग्राऊंडांवर, म्हणजे मुक्कामाच्या तळांवर, थांबतात आणि मुक्कामाच्या जागेवर उभ्या असलेल्या नळाला होज, म्हणजे लवचीक नळी, लावून पाणी घेतात. त्या नळाला किती दाब आहे हे बहुतेक ठिकाणी कुठेही लिहिलेले नसते. नियंत्रकाची गरज तिथेच पडते.

आरव्हीत पाणी दोन वाटांनी येते. एक वाट गाडीच्या स्वतःच्या टाकीतून. 12 व्होल्टचा छोटा पंप टाकीतले पाणी ओढतो आणि दाब साधारण 45 ते 55 पीएसआय (दर चौरस इंचाला तितके पौंड) झाला की आपोआप बंद पडतो. दुसरी वाट ‘सिटी वॉटर’ नावाच्या बाहेरच्या तोंडातून. तिथे पंप नाही आणि त्याचा स्विचही नाही, नळाला जो दाब असेल तो थेट आत येतो. नियंत्रक फक्त या दुसऱ्या वाटेसाठी असतो. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्क या एकाच तळावर मिळतात. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर ही सोय ट्रेलर व्हिलेजमध्ये आहे. योसेमिटी उद्यानातल्या तळांवर ती नाही, त्यामुळे तिथे टाकी आणि पंपावरच भागवावे लागते आणि नियंत्रक खोक्यातच राहतो. भाड्याची आरव्ही घेऊन या उद्यानांना निघालेल्या मराठी कुटुंबांनी बुकिंग करतानाच हे पाहून घ्यावे.

दाब कुठून येतो. पाण्याचा दाब उंचीतून येतो. टाकी 10 मीटर उंच असेल तर खाली दर चौरस सेंटिमीटरला 1 किलो, म्हणजे सुमारे 14 पीएसआय दाब मिळतो. आपल्याकडे तीनमजली इमारतीच्या गच्चीवर टाकी असते, म्हणून तळमजल्यावरही जेमतेम एक-सव्वा किलो मिळतो आणि शॉवर नीट चालावा म्हणून लोक प्रेशर पंप बसवतात. दाब कमी करण्याचे उपकरण आपल्या ओळखीचे नाही ते याचमुळे. मुंबईतल्या उंच टॉवरांच्या खालच्या मजल्यांसाठी मात्र हेच तत्त्व वापरतात. तिथले प्लंबर त्या व्हॉल्व्हला पीआरव्ही (प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्ह) म्हणतात.

डोंगरउतारावर वसलेल्या कॅम्पग्राऊंडवर उलटी परिस्थिती असते. वरच्या जागेपेक्षा 30 मीटर खाली असलेल्या जागेवर, पाणी स्थिर असताना, 42-43 पीएसआय दाब जास्त असतो. त्यात वेळेचाही भाग आहे. संध्याकाळी सगळे अंघोळी आणि भांडी उरकत असतात तेव्हा दाब उतरतो, मध्यरात्री सगळे नळ बंद झाले की चढतो. दुपारी चार वाजता नळावर दाबमापक लावून ‘55 आहे, काळजी नाही’ असे ठरवणारा माणूस म्हणूनच फसतो. घरांमध्ये दाब 80 पीएसआयच्या वर जात असेल तर तो कमी करणारा व्हॉल्व्ह बसवणे अमेरिकेतल्या प्रमुख प्लंबिंग संहितांनी बंधनकारक केले आहे. कॅम्पग्राऊंडच्या नळावर मात्र तेवढ्यावर विसंबून राहू नये.

काय बिघडते. आजच्या आरव्हीत पेक्स नावाचे लवचीक प्लास्टिक पाइप असतात. हा पाइप 23 अंश सेल्सिअसला 160 पीएसआय आणि 82 अंशांना 100 पीएसआय सोसतो, त्यामुळे पाइप फुटायची पाळी सहसा येत नाही. आधी हार खातात ते सांधे: प्लास्टिकचे एल्बो (काटकोनी जोड), शौचकुपामागचा व्हॉल्व्ह, नळाखालची लवचीक नळी, फिल्टरचे भांडे. 1970च्या दशकाच्या अखेरीपासून 1990च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक गाड्यांत पॉलिब्युटिलिन नावाच्या प्लास्टिकचे पाइप आहेत. ते आणि त्यांचे सांधे आणखी कच्चे. पातळ भिंतीआडची गळती दिसत नाही. दिसते तेव्हा पायाखालचे प्लायवूड फुगून मऊ झालेले असते. नियंत्रकाच्या शंभर पट खर्च तिथे होतो, म्हणून हे छोटे उपकरण हलक्यावारी घेऊ नये.

रचना. आत एक स्प्रिंग, एक रबरी पडदा आणि पाण्याची वाट बंद-उघड करणारी झडप असते. स्प्रिंग झडप उघडी ठेवू पाहते. बाहेर जाणाऱ्या बाजूचा दाब पडद्यावर पडतो आणि तिला मिटवू पाहतो. दोन्ही जोर जिथे बरोबरीत येतात तो नियंत्रकाचा ठरलेला दाब. समायोज्य, म्हणजे दाब बदलता येणाऱ्या, प्रकारात वरच्या टोपणाखाली एक स्क्रू असतो. तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की स्प्रिंग दबते आणि ठरलेला दाब वाढतो.

निवड. दुकानात नियंत्रक दाबाच्या आकड्यावर विकला जातो, पण घेणाऱ्याने पाहायचा तो प्रवाह. या दोन गोष्टींची गल्लत होते आणि बहुतेक पस्तावे तिथूनच सुरू होतात. स्वस्त, नळकांड्याच्या आकाराचा, न बदलता येणारा नियंत्रक सगळे नळ बंद असताना 40 ते 50 पीएसआय इमानाने दाखवतो. पण त्याची आतली वाट अरुंद असते. कोणी शॉवर सोडला आणि दुसऱ्याने ओट्याचा नळ उघडला की दाब झपकन उतरतो आणि शॉवरची नुसती धार उरते. अमेरिकेत शॉवरच्या प्रवाहाला मिनिटाला अडीच गॅलन, म्हणजे सुमारे साडेनऊ लिटर अशी संघीय मर्यादा आहे. तेवढे पाणी आणि वर एक नळ, इतका भार दाब फारसा न पाडता पेलतो तो नियंत्रक चांगला. मोठ्या पितळी अंगाचा, मापक जोडलेला, समायोज्य प्रकार हे काम करतो. किंमत काही पट जास्त असली तरी महिनाभर गाडीत राहणाऱ्याने तोच घ्यावा. दोन रात्रींसाठी भाड्याने गाडी घेणाऱ्याला स्वस्त प्रकार पुरतो, मात्र एका वेळी एकच नळ उघडायचा.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे शिसे. पितळात शिसे मिसळण्याची जुनी पद्धत आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याला स्पर्श करणाऱ्या भागांतील शिशाचे भारित सरासरी प्रमाण 0.25 टक्क्यांच्या आत ठेवणारा कायदा 2011 मध्ये झाला आणि जानेवारी 2014 पासून लागू झाला. त्याआधीचा, जुन्या पेटीत सापडलेला नियंत्रक पिण्याच्या पाण्यावर लावू नये.

बसवणे. क्रम असा: नळ, नियंत्रक, पिण्याच्या पाण्याचा होज, फिल्टर, गाडी. नियंत्रक गाडीपाशी लावला तरी गाडी वाचते, पण मधला होज आणि फिल्टरचे भांडे रात्रभर नळाचा पूर्ण दाब सोसत राहतात. नळापाशी लावला तर सगळेच वाचते. जोडण्याआधी नळ थोडा वेळ मोकळा सोडावा, म्हणजे वाळू आणि गंज बाहेर पडतो. हाच कचरा झडपेच्या बैठकीत, म्हणजे मिटताना झडप टेकते त्या जागी, अडकून नियंत्रक निकामी करतो. पाण्यात गाळ फारच असेल तर नियंत्रकाच्या आधी जाळी लावावी. अंगावर कोरलेला बाण पाण्याच्या दिशेने हवा.

इथले आटे बागेच्या होजचे असतात: पाऊण इंची, इंचाला साडेअकरा. आपल्या प्लंबरचा हात सवयीने टेफ्लॉन टेपकडे जाईल, पण या जोडाला टेप लागत नाही. पाणी आट्यांवर अडत नाही, मादी जोडातल्या रबरी वायसरवर अडते. वायसर चेपून काचेसारखा कडक झाला असेल तर पान्याने कितीही आवळा, थेंब पडतच राहणार. नवा वायसर टाकून हाताने आवळले की पुरते. जड नियंत्रक किंवा फिल्टर गाडीच्या प्लास्टिकच्या तोंडावर लोंबकळत ठेवू नये. तिथे 90 अंशांचा एल्बो लावावा, म्हणजे होज सरळ खाली उतरतो आणि तोंडावर ताण येत नाही.

दाब गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे लावावा. पुस्तिका नसेल तर 45 ते 50 पीएसआय सुरक्षित, जुन्या गाडीला 40. बाहेरचा नळ उघडून गाडीतले सगळे नळ बंद ठेवावेत आणि स्क्रू हळूहळू फिरवावा. दाब कमी करताना स्क्रू फिरवला तरी मापकाचा काटा जागचा हलत नाही, कारण अडकलेल्या पाण्याला जायला वाट नसते. नियंत्रकापुढचे थोडे पाणी सोडले की काटा खाली येतो. मग शॉवर सुरू करून काटा पुन्हा पाहावा. बंद आणि चालू या दोन आकड्यांतला फरक जितका कमी, तितका नियंत्रक तुमच्या गाडीला पुरेसा.

काटा चढतो तेव्हा. रात्री 50 वर लावलेला काटा सकाळी 80 वर दिसला तर दोष बहुधा झडपेच्या बैठकीत असतो. तिथे खडा अडकला असेल किंवा रबर झिजले असेल, आणि पाणी झिरपत दाब भरत गेला असेल. भर उन्हात पडलेल्या होजमधले पाणी तापूनही काटा चढतो, म्हणून निवाडा रात्रीच्या किंवा सावलीतल्या आकड्यावर करावा.

नियंत्रक बरोबर असतानाही गरम पाण्याच्या टाकीचा सुरक्षा व्हॉल्व्ह ठिबकतो, आणि लोक चांगला नियंत्रक फेकून देतात. तिथे नियंत्रकाचा काही दोष नसतो. 15 अंशांचे पाणी 60 अंशांपर्यंत तापवले की ते सुमारे 1.6 टक्के फुगते. 6 गॅलनच्या टाकीत हे सुमारे एक तृतीयांश लिटर जास्तीचे पाणी झाले. सिटी वॉटरच्या तोंडात एकतर्फी झडप असल्याने ते मागे फिरू शकत नाही, म्हणून गाडीतला दाब वाढत जातो आणि नळावरच्या मापकाला त्याचा पत्ताही लागत नाही. असा व्हॉल्व्ह 150 पीएसआयला उघडतो. हे फुगणे सामावून घ्यायला अनेक टाक्यांच्या डोक्यावर हवेचा कप्पा असतो. ती हवा पाण्यात विरघळून संपली की ठिबक सुरू होते. हीटर बंद करून पाणी पूर्ण निवू द्यावे, बाहेरचे पाणी आणि पंप दोन्ही बंद करावेत, गरम पाण्याचा नळ उघडावा आणि धार थांबेपर्यंत सुरक्षा व्हॉल्व्हचा दांडा उचलून धरावा. कप्पा पुन्हा भरतो. ठिबक थांबवण्यासाठी त्या व्हॉल्व्हला बूच मात्र कधीही मारू नये, टाकी फुटू शकते.

थंडी. थंड प्रदेशातल्या कॅम्पग्राऊंडांवर गोठणरोधक नळ असतात. दांडा खाली केला की उभ्या पाइपातले पाणी जमिनीखालच्या छिद्रातून निथळून जाते. नियंत्रक आणि भरलेला होज जोडून ठेवला तर वरून हवा शिरत नाही, पाणी अडून राहते आणि पहाटे गोठते. बर्फाने नियंत्रकाचे पितळी अंग तडकते, कधी आतला पडदा फाटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. शून्याच्या खाली जाणार असे हवामान कळले की रात्री नियंत्रक सोडवून पाणी झटकून गाडीत ठेवावा आणि टाकी-पंपावर रात्र काढावी. सकाळी परत जोडताना काटा 50 वर थांबतो की नळाच्या पूर्ण दाबापर्यंत चढतो, एवढे पाहिले की पडदा शाबूत आहे की नाही ते लगेच कळते.