काचेच्या पेटीतला हिवाळा

बिअर्डेड ड्रॅगन हा सरडा पहिल्यांदाच पाळणाऱ्याची एका हिवाळ्यात हमखास घाबरगुंडी उडते. कालपर्यंत झुरळं मटकावणारा सरडा अन्नाला तोंड लावत नाही आणि ओंडक्याखाली डोळे मिटून पडून राहतो. आजार नाही ना, एवढी खात्री करून घ्यावी. बहुधा ती त्याची हिवाळी सुस्ती असते, आणि पुढच्या विणीची तयारी तिथूनच सुरू होते.

हे वेळापत्रक मध्य ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत मुलखात ठरलेलं आहे. तिकडे अ‍ॅलिस स्प्रिंग्जला जुलैच्या रात्री पारा सरासरी 4 अंशांपर्यंत उतरतो. सप्टेंबरात ऊन तापू लागलं की सरडे बाहेर येतात आणि नराची दाढी, म्हणजे गळ्याखालची काटेरी कातडी, काळी कुळकुळीत होते. आपल्या कुंपणावरचा सरडा याच कुळातला, फक्त पावसाच्या तोंडावर त्याचं डोकं लालबुंद होतं. बिअर्डेड ड्रॅगनचा नर मान जोरजोरात हलवतो, मादी एक हात वर करून गोल फिरवते. एकदा जुगल्यावर मादी शुक्राणू साठवून ठेवते आणि त्यावर पुढेही अंडी घालू शकते.

ऑस्ट्रेलियाने 1960च्या दशकातच वन्यजीवांचा निर्यात-व्यापार रोखला. तरीही हा सरडा जर्मनीत, अमेरिकेत पोचला तो बहुतांशी चोरट्या वाटेने, आणि आजचे पाळीव सरडे त्यांचेच वंशज. ऑस्ट्रेलियात जूनमध्ये हिवाळा, तर जर्मनी-अमेरिकेत उन्हाळा, पण पेटीतल्या सरड्याला ऋतू कळतो तो दिव्यावरून. म्हणून पैदास करणारे दिवा 14 तासांवरून 10 तासांवर आणतात, ऊब कमी करतात, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा वाढवतात. काहीजण हा हिवाळा गाळून मादीकडून एकामागून एक खेपा घेतात. तिच्या हाडांतलं कॅल्शियम त्यात झिजतं. मला तर हा निव्वळ हावरटपणा वाटतो.

अंडी घालायच्या आधी मादी काचेवर नखं घासत अस्वस्थ फिरते. ओलसर वाळू मिळाली की बीळ खणते, वीसेक अंडी घालते आणि वाळू परत लोटून डोक्याने थोपटून बसवते. बाहेर येते तेव्हा पोट लोंबणाऱ्या रिकाम्या पिशवीसारखं असतं.

अंडी उबवणीच्या पेटीत 28-29 अंशांवर ठेवतात, त्यालाही कारण आहे. या सरड्यात लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांची जोडी झेड-झेड असली म्हणजे नर, झेड-डब्ल्यू असली म्हणजे मादी. पण 32 अंशांच्या वर उबवलेल्या अंड्यांतून झेड-झेड माद्याही निघतात, हे 2007मध्ये प्रयोगातून दिसलं. 2015मध्ये अशा माद्या ऑस्ट्रेलियाच्या रानातही सापडल्या. त्या साध्या नराशी जुगल्या की पिल्लांत डब्ल्यू उरतच नाही. पिल्लू नर की मादी, हे मग अंड्याला मिळालेल्या उबेवर ठरतं.