डेटाबेस हलवला की एसईलिनक्स का अडवतं?

इंदूरच्या छोट्या आयटी फर्म्समध्ये, विजयनगरातल्या असोत की तिलकनगरात घरूनच चालणाऱ्या, जुन्या सेंटओएस (रेड हॅट लिनक्सची मोफत आवृत्ती) सर्व्हरची एक तक्रार ठरलेली. डेटाबेस मोठ्या डिस्कवर नेला, मालकी बरोबर, परमिशन बरोबर, तरी सर्व्हिस उठत नाही. लॉगमध्ये एरर १३, परमिशन डिनाइड. पोरं ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) करून बघतात, काही फरक पडत नाही. मग फोनवरून कुणीतरी जाणता सांगतो, "भिया, सेटएन्फोर्स झिरो करून दे नं." या आज्ञेनं एसईलिनक्स, म्हणजे लिनक्समधली जादा सुरक्षेची व्यवस्था, अडवायचं थांबतं. सर्व्हिस उठते, प्रकरण मिटतं.

याचं मूळ १९९०च्या दशकात आहे. युनिक्सच्या जुन्या पद्धतीत फाइल ज्याची, तोच तिची परवानगी ठरवणार, आणि रूटला, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याला, तर विचारणारं कुणीच नाही. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीला हे पुरेसं वाटेना. सिक्युअर कम्प्युटिंग कॉर्पोरेशन आणि युटा विद्यापीठाबरोबर तिथल्या संशोधकांनी फ्लास्क नावाची रचना उभी केली. तिच्यात प्रत्येक प्रोसेसला आणि फाइलला लेबल असतं, आणि कुणी कशाला हात लावायचा हे मालक नव्हे, पॉलिसी ठरवते. ही रचना लिनक्सवर बसवून एजन्सीनं डिसेंबर २०००मध्ये सोर्स खुला केला, आणि २००३मध्ये एसईलिनक्स लिनक्सच्या २.६ कर्नलमध्ये (गाभ्यात) आलं.

रेड हॅटच्या फेडोरा कोअर २ या लिनक्समध्ये ते होतं, पण मुळात बंद. कडक पॉलिसीनं रोजचं कामच अडत होतं. मग नोव्हेंबर २००४च्या फेडोरा कोअर ३ मध्ये मोजक्याच सेवांना बांधणारी 'टार्गेटेड' पॉलिसी चालू करून दिली, आणि २००५च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ४ नं तोच कित्ता गिरवला. त्या मोजक्यांत मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस हे दोन्ही डेटाबेस होते. आपली डोकेदुखी तिथून सुरू होते.

लेबल फाइलसोबतच साठवलेलं असतं, पण कोणत्या जागी कोणतं लेबल हवं याची यादी पॉलिसीत असते. /व्हार/लिब/मायएसक्यूएल यादीत आहे, म्हणून तिथे मायएसक्यूएलडी_डीबी_टी मिळतं. तुमची /डेटा डिरेक्टरी यादीला माहीतच नाही, तिला डिफॉल्ट_टी. कॉपी करायच्या आज्ञांपैकी आरसिंक -ए लेबल सोबत नेत नाही. सीपी -ए नेतं, म्हणून तेव्हा सगळं सुरळीत वाटतं आणि पुढे कधीतरी पूर्ण रीलेबल (यादीप्रमाणे सगळ्या फाइलींना नव्यानं लेबल) झालं की सर्व्हिस झोपते. हा प्रकार जास्त छळतो, कारण डेटा हलवल्याचं तोवर कुणाच्या ध्यानातही नसतं.

सीएचकॉन या आज्ञेनं हातानं लावलेलं लेबलही असंच पुसलं जातं. यादीतच भर घालायची तर रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ५ पासून (२००७) सेमॅनेज एफकॉन्टेक्स्ट ही आज्ञा आहे. त्यात 'नव्या जागेला जुन्या जागेसारखं समज' असंही -ई लावून सांगता येतं, आणि मला तेच सोयीचं वाटतं. मग यादीप्रमाणे फाइलींना लेबल लावणारं रिस्टोअरकॉन -आरव्ही. सेमॅनेज नुसती नोंद करतं, फाइलींना हात लावत नाही, आणि अर्धे लोक तिथेच थांबतात.

आपल्याकडे गोंधळात भर घातली ती सेंटओएस ७ च्या इन्स्टॉलरनं. डिस्क मोठी असली की आपोआप मांडणीत रूटला (मूळ / विभागाला) ५० जीबी आणि उरलेली सगळी /होमला. साहजिकच डेटाबेस /होममध्ये जातो, जिथे वापरकर्त्यांच्या घरांची लेबलं असतात. त्यातून मायएसक्यूएलचाच फाटा असलेल्या मारियाडीबीच्या १०.१ मालिकेपासून मारियाडीबीच्या स्वतःच्या पॅकेजांत सिस्टिमडीचं (सर्व्हिस चालवणाऱ्या व्यवस्थेचं) प्रोटेक्टहोम आलं. ते चालू असेल तर लेबल कितीही नीट लावा, सर्व्हिसला /होम उघडतच नाही. सेटएन्फोर्स झिरो करूनही एरर १३ गेला नाही, तर आधी तिकडे बघावं. ऑडिट लॉगमध्ये 'एव्हीसी डिनाइड' अशी, एसईलिनक्सनं अडवल्याची, ओळ नसली तर शंका आणखी पक्की.

एसईलिनक्सच्या कॉन्फिगमध्ये डिसेबल्ड लिहून मोकळं होणारेही खूप. त्या काळात तयार झालेल्या फाइलींना लेबलच मिळत नाही. त्यामुळे पुन्हा चालू करायचं ठरलं तर आधी परमिसिव्हमध्ये (अडवायचं नाही, नुसती नोंद) येऊन, मूळ (/) डिरेक्टरीत .ऑटोरीलेबल फाइल ठेवून रीबूट करावं लागतं. डिस्क मोठी असेल तर त्याला बराच वेळ जातो, तेव्हा हे काम रविवारी काढावं.