मिडल पॅसेज

अटलांटिक गुलामव्यापारातील आफ्रिका ते अमेरिका हा सागरी प्रवास. युरोपातून माल घेऊन निघालेले जहाज पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे चढवून कॅरिबियन बेटांकडे जाई आणि साखर, तंबाखू भरून परते. त्यांतील मधला टप्पा या अर्थी हे नाव पडले. ब्राझीलचा व्यापार बहुतांशी आफ्रिकेशी थेट चाले. त्याला ही त्रिकोणी चौकट लागू पडत नाही, तरी संज्ञा सरसकट वापरली जाते. काळ साधारणतः सोळाव्या शतकाच्या प्रारंभापासून १८६० च्या दशकापर्यंत.

मृत्यूंची संख्या : दीड कोटी माणसे नेल्याचा जुना आकडा पुराव्याविना एका ग्रंथातून दुसऱ्यात उतरत राहिला. इतिहासकार फिलिप कर्टिन यांनी १९६९ मध्ये तो तपासून अमेरिकेत पोचलेल्यांची संख्या ९५ लाखांच्या आसपास ठरवली. पुढे सुमारे ३६,००० सफरींच्या नोंदी एकत्र झाल्या. त्यांवरून आज सर्वसाधारणपणे मान्य असलेला अंदाज असा : जहाजांवर चढवलेले सुमारे १ कोटी २५ लाख, उतरलेले सुमारे १ कोटी ७ लाख. म्हणजे १८ लाखांच्या आसपास माणसे समुद्रातच मेली. आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंतच्या पायपिटीत आणि किल्ल्यांच्या कोठड्यांत मेलेल्यांचा यात समावेश नाही. त्याविषयीचे अंदाज फार भिन्न आहेत. सरासरी १४ टक्क्यांचे हे प्रमाण सुरुवातीच्या काळात पाचांत एक किंवा त्याहून अधिक होते; अठराव्या शतकाच्या अखेरीस ते दहांत एकपर्यंत उतरले. ही घट मोठी वाटते. पण निवडून घेतलेली, बहुतांशी तरुण माणसे दीड-दोन महिन्यांत या गतीने मरणे ही स्थिती साथीच्या रोगातच आढळते.

कारणे : सर्वांत मोठे कारण रक्ती आव. त्याखालोखाल देवी, गोवर, ताप आणि स्कर्व्ही. अतिसारातून होणारी पाण्याची तूट हेच अनेक मृत्यूंचे प्रत्यक्ष कारण असावे, असे काही वैद्यक-इतिहासकार मानतात. वाद आहे तो गर्दीविषयी. गुलामगिरीविरोधकांनी दाटीवर बोट ठेवले होते. हर्बर्ट क्लाइन आदी अभ्यासकांना मात्र जहाजाच्या क्षमतेच्या दर टनामागील माणसांची संख्या आणि मृत्युदर यांत ठळक संबंध आढळला नाही. प्रवास लांबणे आणि चढवण्याचे बंदर हे घटक अधिक प्रभावी ठरले. बियाफ्राच्या आखातातून (आजच्या नायजेरियालगतचा किनारा) निघालेल्या जहाजांवर मृत्यू अधिक, काँगो-अंगोला किनाऱ्यावरून निघालेल्यांवर तुलनेने कमी. हा निष्कर्ष ग्राह्य वाटतो, पण मर्यादेसह. तुलना झाली ती सगळ्याच अतिदाट जहाजांची. सैल भरलेले जहाज त्या व्यापारात जवळजवळ नव्हतेच, म्हणून गर्दी निरुपद्रवी होती असे यावरून म्हणता येत नाही.

जहाजावरील स्थिती : लिव्हरपूलच्या ‘ब्रुक्स’ जहाजाचा १७८८ मध्ये प्रसिद्ध झालेला आराखडा सुपरिचित आहे. त्यात पुरुषाला ६ फूट लांब व १६ इंच रुंद जागा दाखवली आहे. गुलामवाहू जहाजांवरील माणसांच्या संख्येला मर्यादा घालणाऱ्या त्याच वर्षीच्या ब्रिटिश डॉल्बेन कायद्याने या जहाजाला ४५४ माणसांची मुभा होती. त्याआधी एका सफरीत त्यावर ६०९ माणसे होती. मधल्या फळ्यांमुळे अंगावर अडीच फुटांच्या आसपासच उंची उरे. पुरुष दोघे-दोघे पायबेडीने जखडलेले असत, त्यामुळे रात्री शौचाच्या पिंपापर्यंत जाताना इतरांच्या अंगावरून लोळत जावे लागे. अनेक जण जाण्याचा प्रयत्नच सोडून देत. पाऊस आला की झरोके बंद होत. अलेक्झांडर फाल्कनब्रिज हा अशा जहाजांवरील शल्यवैद्य. अशा एका वेळी खाली उतरल्यावर रक्त व आव यांनी माखलेल्या त्या जागेला त्याने कत्तलखान्याची उपमा दिली आहे. अन्न नाकारणाऱ्यांचा जबडा लोखंडी यंत्राने उघडला जाई. समुद्रात उडी घेता येऊ नये म्हणून कडेने जाळी लावत. साधारण दहापैकी एका सफरीत उठाव झाल्याचा अंदाज आहे.

डॉल्बेन कायद्याने शल्यवैद्य नेणे सक्तीचे केले. मृत्यू दोन टक्क्यांच्या आत राहिल्यास कप्तानाला १०० व वैद्याला ५० पौंड बक्षीस होते.

झाँग प्रकरण : १७८१ च्या नोव्हेंबरअखेरीस ‘झाँग’ या ब्रिटिश गुलामवाहू जहाजावरून सुमारे १३० जिवंत माणसे पाण्याच्या टंचाईचे कारण देऊन समुद्रात फेकण्यात आली आणि मालकांनी माणशी ३० पौंडांप्रमाणे विम्याचा दावा केला. ज्यूरीने दावा मान्य केला. १७८३ मध्ये सरन्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी फेरसुनावणीची मुभा दिली. ती झाल्याची नोंद सापडत नाही. खुनाचा खटला कोणावरही चालला नाही. याहून मोठी घटना सुरिनामच्या मारोवेन नदीच्या मुखाशी १७३८ मध्ये घडली : डच जहाज ‘ल्यूसडेन’ बुडताना खलाशांनी खालच्या मजल्याची झाकणे ठोकून बंद केली आणि साडेसहाशेहून अधिक माणसे आत मेली.

बंदीवानांच्या स्वतःच्या साक्षी फार थोड्या आहेत. ओलाउडा इक्वियानो यांचे १७८९ चे कथन त्यांत प्रमुख. त्यांचा जन्म आफ्रिकेत की साउथ कॅरोलायनात हा वाद मिटलेला नाही. झाँगची वार्ता गुलामगिरीविरोधक ग्रॅनव्हिल शार्प यांच्यापर्यंत त्यांनीच पोचवली.

ब्रिटनने १८०७ मध्ये व्यापारावर बंदी घातली, तरी ब्राझीलकडे १८५० पर्यंत आणि क्यूबाकडे त्यानंतरही चोरून वाहतूक सुरू होती. ब्रिटिश आरमाराने पकडलेल्या जहाजांवरील अनेक बंदीवान सिएरा लिओनला नेले जाताना वाटेतच मेले.