टाके निघाल्यानंतरचे घरातले काम

घोडबंदर रस्त्यावर किंवा ठाणे-बेलापूर मार्गावर दुचाकी घसरून डोक्याला मार लागलेला माणूस रुग्णालयातून घरी परतला, की भेटायला येणारे शेजारी म्हणतात, "जिवावरचं शेपटावर निभावलं." ते खरेही असते. टाके निघालेले असतात, माणूस चालतो, बोलतो, जेवतो. महिन्याभरानंतर मात्र घरातली माणसे आपापसांत हळू आवाजात बोलू लागतात: हे पूर्वीसारखे राहिले नाहीत, सकाळपासून एका जागी बसून असतात, क्षुल्लक कारणावरून चिडतात, आंघोळीला जा म्हटल्याशिवाय उठत नाहीत. बहुतेक कुटुंबांची पहिली गल्लत इथेच होते. मेंदूच्या दुखापतीचे परिणाम स्वभावाच्या खात्यावर मांडले जातात आणि उपचारांऐवजी उपदेश सुरू होतो.

धडकेच्या क्षणी कवटी एकदम थांबते, पण आतला मऊ मेंदू पुढे सरकतो आणि पिळवटला जातो. कपाळामागचा अग्रखंड आणि कानशिलाकडच्या खंडाचे टोक हे भाग कवटीच्या तळाशी असलेल्या हाडांच्या खडबडीत उंचवट्यांवर आदळतात, म्हणून मार डोक्याला कोठेही बसला तरी इजा बरेचदा याच भागांना होते. शिवाय मेंदूभर पसरलेले चेतातंतू ताणले जातात आणि ही विखुरलेली इजा सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा दिसतही नाही. एखादे काम स्वतःहून सुरू करणे, रागाला आवर घालणे, दोन गोष्टींकडे एकाच वेळी लक्ष ठेवणे ही कामे मुख्यत्वे अग्रखंडावर अवलंबून असतात. त्यामुळे आंघोळीसाठी न उठणे हा आळस नसून काम सुरू करून देणारी यंत्रणाच दुखावल्याची खूण असू शकते. त्याहून कठीण गोष्ट अशी, की अनेक रुग्णांना स्वतःतला बदल जाणवतच नाही, कारण स्वतःकडे पाहण्याची क्षमताही याच यंत्रणेचा भाग आहे. "मला काहीही झालेलं नाही" हे वाक्य दर वेळी हट्टापोटी आलेले नसते.

अशा वेळी मदत नेमकी किती करावी, हा घरातला सर्वांत मोठा प्रश्न आहे. वर्तकनगरमधल्या एका स्वयंपाकघराची कल्पना करावी. नवरा ओट्यापाशी उभा आहे. पातेल्यात पाणी घेतले आहे, गॅस पेटवलेला नाही, हातात सांडशी आहे आणि नजर समोरच्या फरशांवर खिळलेली आहे. "सरका, मी करते," हे शब्द बायकोच्या अगदी ओठांवर आलेले असतात आणि त्यात तिचे काही चुकत नाही, कारण तिला लोकल गाठायची असते. तरीही ती मनात दहापर्यंत अंक मोजते आणि विचारते, "अहो, आता पुढे काय?" तो गॅस पेटवतो. पुढे दूध घालायचे राहून जाऊ लागते, तेव्हा ती काही न बोलता पिशवी त्याच्या नजरेच्या टप्प्यात सरकवते. हा चहा पाच मिनिटांऐवजी वीस मिनिटांनी होतो, पण त्या वीस मिनिटांत जे घडते त्यालाच पुनर्वसन म्हणतात. एकत्र काम करणाऱ्या चेतापेशींमधली जोडणी दृढ होत जाते, हा विचार कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांनी १९४९ मध्ये मांडला होता आणि आजच्या पुनर्वसनाचा बराचसा पाया त्यावर उभा आहे. ही जोडणी रुग्णाने स्वतः केलेल्या कृतीने बळकट होते. त्याच्यासाठी दुसऱ्याने केलेल्या कृतीने होत नाही. म्हणून रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठी सराव करून घेणारे व्यवसायोपचार तज्ज्ञ कमीत कमी पुरेल एवढीच सूचना द्यायला शिकवतात: आधी थांबावे, मग विचारावे, मग खूण करावी, त्यानंतर सांगावे, आणि हाताला धरून करून घेणे अगदी शेवटी. सवयीची कामे परत येऊ लागली, की सूचनाही एकेक करून काढून घ्यायच्या असतात.

स्मरणशक्तीच्या बाबतीत मात्र नियम जवळजवळ उलटा आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही. आपल्याकडे भेटायला आलेले मामा-मावशी खाटेशेजारी बसून प्रेमाने विचारतात, "ओळखलंस का मला? सांग बघू मी कोण!" रुग्ण गोंधळून चुकीचे नाव घेतो, सगळे हसून घेतात आणि पुन्हा तोच प्रश्न येतो. ब्रिटनमधले संशोधक ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ मध्ये दाखवून दिले, की स्मृती गंभीररीत्या बिघडलेल्या व्यक्तींना अंदाज बांधायला लावण्यापेक्षा चूक होऊच न देता शिकवले, तर त्या अधिक चांगल्या शिकतात. आपण चुकलो ही आठवण त्यांच्याजवळ टिकत नाही, पण तोंडून निघालेले चुकीचे उत्तर मात्र नकळत मुरते. त्यामुळे नव्या माहितीची परीक्षा घेऊ नये, ती सरळ पुरवावी. "मी पनवेलची सुमन मावशी" असे आल्याबरोबर सांगणे हीच खरी आपुलकी होय. औषधांची वेळ, किल्लीची जागा, आजचा वार या गोष्टी एका ठरलेल्या वहीत किंवा दाराजवळच्या फळ्यावर लिहिलेल्या असाव्यात आणि फळ्याकडे पाहण्याचीच सवय लावावी.

थकव्याकडेही असेच दुर्लक्ष होते. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के असते, पण विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा त्याला लागते. दुखापतीनंतर पूर्वी सहज होणाऱ्या कामांवरही लक्ष एकवटावे लागते, म्हणून दुपारच्या आतच शक्ती संपते. कुकरची शिट्टी, चालू दूरचित्रवाणी आणि दोघांचे एकाच वेळी बोलणे एवढे एकत्र आले, की पुष्कळदा राग उसळतो. तेव्हा वाद घालण्याऐवजी आवाज कमी करावा आणि शांत खोलीत न्यावे. गणपतीत घरी येणाऱ्यांची रीघ लागते. त्या दिवसांत पाहुण्यांना वेळ वाटून द्यावी, कोणी नाराज झाले तरी चालेल. उपचारांसाठीचा प्रवासही याच हिशेबात धरावा. हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत जायचे तर ठाण्याहून दादरला गाडी बदलून महालक्ष्मी गाठावे लागते, आणि गर्दीच्या वेळी निघालेला रुग्ण व्यायामापूर्वीच थकून जातो. शक्य असेल तेथे गर्दी ओसरल्यानंतरची वेळ मागून घ्यावी आणि घरी करायच्या व्यायामांची लेखी यादी आणावी.

या विषयात फिनिअस गेजचे उदाहरण नेहमी दिले जाते. १८४८ मध्ये अमेरिकेत रेल्वेमार्गाच्या कामावर असताना एक लोखंडी कांब त्याच्या डोक्यातून आरपार गेली. तो वाचला, पण त्याचा स्वभाव पालटला. मला या कथेचा क्वचित सांगितला जाणारा उत्तरार्ध अधिक मोलाचा वाटतो. गेजने पुढे काही वर्षे चिलीमध्ये घोड्यांची प्रवासी गाडी हाकली. त्या कामातल्या ठरावीक दिनक्रमामुळे तो बराच सावरला असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. घरातही उठणे, जेवणे, फिरणे, विश्रांती यांच्या वेळा पक्क्या असल्या, तर रुग्णाला दर वेळी नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो, पण त्यानंतर दार बंद होत नाही. ती सावकाश का होईना, पुढची कित्येक वर्षे चालू राहू शकते. या काळात फेफऱ्याची औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत, मद्य टाळावे आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय दुचाकीची किल्ली हाती देऊ नये. डोकेदुखी वाढत गेली, गुंगी आली किंवा झटका आला, तर तातडीने रुग्णालयात न्यावे.

ग्लासगो येथील संशोधकांनी १९८० च्या दशकात गंभीर दुखापत झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना पाच वर्षांनंतर पुन्हा विचारले, तेव्हा त्यांच्यावरचा ताण पहिल्या वर्षापेक्षा वाढलेला आढळला आणि त्याचे नाते शारीरिक अपंगत्वापेक्षा बदललेल्या वागणुकीशी अधिक होते. आपल्याकडे हा भार बहुधा एका बाईवर पडतो आणि ती थकली असे म्हणायलाही तिला संकोच वाटतो. म्हणून दीर आणि नणंद यांनी "काही लागलं तर सांगा वहिनी" एवढ्यावर थांबू नये. शनिवारची दुपार आपल्याकडे घ्यावी, रुग्णाला कशी सूचना द्यायची हे आधी तिच्याकडून शिकून घ्यावे, आणि तिने त्या वेळात झोप काढली, बाजारात गेली की मैत्रिणीकडे गेली, याची विचारपूस करू नये.