तर्री हृदयापर्यंत पोचते कशी?

रविवारी सकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर चार चकरा मारायच्या आणि नऊ वाजता मिसळ हाणायची, हा आमच्या ग्रुपचा नेम. मागच्या रविवारी एकाने तर्रीत पाव बुडवता बुडवता मोबाईल पुढे केला. ‘खाल्लेलं तेल थेट हृदयात जातं आणि तिथेच साचतं!’ दोघांनी लगेच वाट्या बाजूला सारल्या. मी माझी संपवली. त्या फॉरवर्डचा पहिला अर्धा भाग जवळजवळ खरा आहे, घोळ दुसऱ्या अर्ध्यात आहे.

साखर आतड्यातून आधी यकृतात जाते. तेलाचं तसं नाही. पचनात त्याचे तुकडे होऊन मेदाम्लं (फॅटी ॲसिड) सुटी होतात. आतड्याच्या पेशी ती पुन्हा जोडून ट्रायग्लिसराइड, म्हणजे तेलासारखाच मेद, बनवतात, त्याचे प्रथिनांच्या वेष्टणातले गोळे करतात आणि लसीकावाहिनीत (लिम्फच्या नळीत) सोडतात. या गोळ्यांना कायलोमायक्रॉन म्हणतात. यकृताला बगल देऊन ते मानेच्या डाव्या बाजूला शिरेत उतरतात आणि पुढचा मुक्काम हृदयाचा उजवा कप्पा! तेलकट खाल्ल्यावर तीन-चार तासांनी काढलेलं रक्त लॅबमध्ये फिरवलं, की नळीत वरचा द्रव पिवळसर पारदर्शक न दिसता चक्क पाणी घातलेल्या दुधासारखा दिसतो. ते हेच गोळे.

पण कप्प्यातून वाहणारं रक्त हृदयाच्या जाड स्नायूला मिळत नाही. ते फुफ्फुसात जाऊन परत येतं, महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत, चढतं आणि तिच्या अगदी पहिल्या फांद्यांमधून, म्हणजे कोरोनरी धमन्यांमधून, स्नायूत शिरतं. तिथे तेल साचवायला सवड कुणाला आहे? जेमतेम ३०० ग्रॅमचा हा अवयव दिवसाला लाखभर ठोके देतो आणि त्याचं ६० ते ७० टक्के इंधन मेदाम्लंच असतात.

आता माझा आवडता भाग. हृदयातल्या केशवाहिन्यांची भिंत घट्ट असते, कायलोमायक्रॉन तिच्यातून जाऊच शकत नाही. जुन्या नाशकातल्या बोळात ट्रक शिरत नाही, तोंडाशीच माल उतरवावा लागतो, तसं. उतरवणारा हमाल म्हणजे लायपोप्रोटीन लायपेज हे विकर (एन्झाइम). ते ट्रायग्लिसराइड तोडून मेदाम्लं सुटी करतं. गंमत अशी, की हा हमाल वाहिनीच्या भिंतीने नेमलेला नसतो. तो बनतो आतल्या स्नायूपेशीत! दुकानदाराने आपलाच माणूस बोळाच्या तोंडाशी उभा करावा, तसा हा प्रकार. पण पेशीतून सुटल्यावर तो भिंत ओलांडून रक्ताच्या बाजूला पोचतो कसा, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. २००७ साली लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी जीपीआयएचबीपी-१ नावाचं प्रथिन नसलेले उंदीर तपासले, तर साधा चारा खाऊनही त्यांचं रक्त दुधाळ! पुढे उलगडलं, की भिंतीच्या पेशीतलं हे प्रथिन विकराला आतल्या बाजूने उचलतं, पलीकडे नेतं आणि तिथेच धरून ठेवतं. वाहक तेच, खुंटीही तीच.

एकादशीला तर आणखी मजा. उपाशीपोटी चरबीच्या ऊतीतलं हे विकर कमी होतं, हृदयातलं वाढतं. शिवाय चरबीतून सुटलेली मेदाम्लं अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून येतात, त्यांना हमाल लागतच नाही.

पुढचा प्रवास भराभर सांगतो. सुटं मेदाम्ल भिंत ओलांडतं, मग पेशीचं पटल. तिथे सीडी-३६ हे प्रथिन मदत करतं. इन्शुलिन आलं किंवा ठोके वाढले, की पेशीच्या पोटातलं सीडी-३६ पटलावर येतं. जन्मतःच ते नसलेली माणसं आहेत, त्यांचं हृदय ग्लुकोजवर जास्त विसंबतं. आत गेल्यावर मेदाम्लाला एक वाहक प्रथिन उचलतं, त्याला को-एन्झाइम ए जोडलं जातं आणि कार्निटिन नावाच्या रेणूच्या खांद्यावरून ते तंतुकणिकेत, म्हणजे पेशीच्या इंधन जाळणाऱ्या भट्टीत, शिरतं. जिममध्ये याच कार्निटिनची पावडर ‘फॅट बर्नर’ म्हणून महागात विकतात. धडधाकट माणसाचं शरीर ते स्वतः बनवतं. ते पैसे द्राक्षांवर घालवा.

‘मग ब्लॉकेज कसलं?’ मित्राने विचारलं. ते कोरोनरी धमनीच्या भिंतीत होतं, मुख्यतः एलडीएलमधल्या, म्हणजे ज्याला ‘वाईट’ म्हणतात त्या, कोलेस्टेरॉलमुळे, वर्षानुवर्षं. ती वेगळी कथा, आणि त्याचा एलडीएल वाढलेलाच आहे, त्यामुळे त्याला मी रोज तर्री खा असं म्हणणार नाही. त्याने मात्र तेवढंच ऐकलं जेवढं सोयीचं होतं आणि अर्धी वाटी आणखी मागवली. ती दुपारी बाराच्या सुमाराला बोळाच्या तोंडाशी उतरत असेल.