आतड्याच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतरची शौचाची घडी

मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग काढल्यानंतर शौचाची वेळ, संख्या, घट्टपणा आणि ताबा बदलतो. त्या बदलांची कारणे आणि त्यांच्याशी जुळवून घेण्याच्या पद्धती या नोंदीत आहेत. माण-खटाव, आटपाडी, जतकडचा रुग्ण कराड किंवा मिरजेला शस्त्रक्रिया करून गावी परततो, टाके सुकतात, आणि शौचाचा खरा त्रास घरी आल्यावरच सुरू होतो.

त्रास कोणता होणार, हे आतड्याचा कोणता भाग काढला यावर ठरते. उजवा भाग काढताना लहान आतड्याचे शेवटचे टोक आणि तिथली झडपही जाते. मग पित्तक्षार, म्हणजे पित्तातले पचनाला मदत करणारे क्षार, मोठ्या आतड्यात उतरतात आणि शौच पातळ होते. ते आपोआप आवरले नाही तर डॉक्टर कोलेस्टायरामिनची पूड देतात. ही पूड इतर औषधेही शोषून घेते, म्हणून बाकीच्या गोळ्या तिच्या तासभर आधी किंवा चार ते सहा तासांनी घ्याव्या लागतात. डाव्या भागाच्या शस्त्रक्रियेनंतर घडी तुलनेने लवकर बसते.

गुदाशयाचे प्रकरण वेगळे आहे. साधारण 12 ते 15 सेंटिमीटरचा हा भाग मल साठवतो आणि आत वायू आहे की मल, हे ओळखायला मदत करतो. तो काढून वरचे आतडे खाली ओढून जोडले, की तिथे उरते ती एक अरुंद, ताठर नळी. तासाभरात चार-पाच वेळा थोडे थोडे होणे, मग दीड-दोन दिवस काहीच नाही; कळ आली की दोन मिनिटेही दम न निघणे; वायू सोडताना कपडे खराब होणे. या लक्षणसमूहाला लो अँटेरियर रिसेक्शन सिंड्रोम, थोडक्यात लार्स म्हणतात. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या पाच प्रश्नांच्या मोजपट्टीवर 0 ते 42 गुण मिळतात. 21 ते 29 म्हणजे सौम्य, 30 किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र. जोड गुदद्वाराच्या जितका जवळ, तितका त्रास जास्त, आणि किरणोपचार झाले असतील तर त्यात भर. तात्पुरता स्टोमा (पोटावर काढलेले आतड्याचे तोंड, ज्यातून मल पिशवीत जमा होतो) बंद केल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वांत कठीण असतात. सुधारणा वर्षभर, कधी दोन वर्षांपर्यंत होत राहते.

या त्रासाला सर्रास ‘जुलाब’ समजले जाते आणि गावात सलाईन, अँटिबायोटिक, उपास असे सुरू होते. इथे जंतुसंसर्ग नाही, साठवणीची जागा गेली आहे. त्यामुळे या उपायांनी फक्त अशक्तपणा वाढतो.

लोपेरामाइड या आतडे मंद करणाऱ्या औषधाची 2 मिलिग्रॅमची गोळी इथे शौच होऊन गेल्यावर घ्यायची नसते, जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते. जेवण पोटात पडताच आतडे हलू लागते, त्याला आधीच मंद करणे हा हेतू. सुरुवात सकाळच्या एका गोळीने करून डॉक्टरांच्या सांगण्याने मात्रा वाढवतात. दिवसाची कमाल 16 मिलिग्रॅम. ताप, शौचातून रक्त किंवा फुगलेले पोट असताना ती घेऊ नये. जास्त झाली तर मल अडतो आणि तिसऱ्या दिवशी सगळा एकदम सुटतो. म्हणून वहीत जेवण, शौच आणि गोळी यांच्या वेळा लिहाव्यात, एका वेळी एकच बदल करावा आणि तो तीन-चार दिवस पाहावा. इसबगोल चमचाभर, अर्धा पेला पाण्यात कालवून लगेच प्यावा. कोरडा कधीच गिळू नये.

पहिले सहा ते आठ आठवडे मऊ भात, मुगाचे वरण, केळे, ताक, दुधी-भोपळ्याची भाजी सोसते. पुढे ज्वारीची भाकरी कुस्करून सुरू करता येते. खर्डा, मटकीची उसळ, कच्चा कांदा आणि शेंगदाणे-लसूण घातलेले भडंग उशिरा, थोडे थोडे चाखून पाहावे. तासगावची द्राक्षे एकावेळी घोसभर खाल्ली तर धावपळ ठरलेली. एसटीने जायचे असेल तर रात्रीचे जेवण लवकर आणि हलके घ्यावे.

गुदद्वार आवळण्याचा व्यायाम, पाच सेकंद आवळणे आणि दहा सेकंद सैल सोडणे, असा दहा वेळा, दिवसातून तीनदा करतात. पोट, मांड्या आणि श्वास मोकळे ठेवायचे. चुकतो बहुधा इथेच. त्याचा गुण दिसायला तीन महिने लागतात. कागदाने पुसण्यापेक्षा पाण्याने धुण्याची आपली सवय इथे फायद्याची. धुतल्यावर मऊ कापडाने टिपून झिंक ऑक्साइडचे मलम पातळ लावावे. गुडघे साथ देत नसतील तर कमोड खुर्ची वापरावी आणि पायांखाली पाट ठेवावा.

लहान आतड्याचा तात्पुरता स्टोमा असेल, तर काळजी पाण्याची. रोज 500 ते 800 मिलिलिटर बाहेर पडणे ठीक. दीड लिटरच्या वर गेले तर मूत्रपिंडावर ताण येतो. जत-आटपाडीच्या एप्रिल-मेमध्ये हे पटकन घडते. अशा वेळी नुसते पाणी ढोसल्याने गळती उलट वाढते. ओआरएस प्यावे, पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. एकादशीच्या खिचडीतले शेंगदाणे, ओले खोबरे, मक्याचे दाणे आणि चघळलेल्या उसाचे तंतू स्टोमाच्या तोंडाशी अडकू शकतात. वारीला जाणाऱ्याने पुरेशा पिशव्या जवळ ठेवाव्यात, पण उन्हात तापणाऱ्या गाडीत नाही; चिकटपट्टी निकामी होते.

पोट फुगून उलट्या, वायूही न सरणे, ताप, लघवी कमी होणे किंवा शौचातून रक्त दिसले तर गावातल्या इंजेक्शनवर न थांबता शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णालयात जावे. आधी बसलेली घडी काही महिन्यांनी पुन्हा बिघडली, तर तीही तपासून घ्यावी.

एवढ्याने भागले नाही तर गुदद्वारातून कोमट पाणी सोडून आतडे धुण्याची पद्धत शिकवतात. खालचा जोड नाजूक असल्याने ती सर्जनच्या संमतीशिवाय घरी सुरू करू नये. दोन वर्षांनंतरही घराबाहेर पडणे अशक्य असेल तर कायमचा स्टोमा हाही पर्याय आहे, आणि काही रुग्ण तो विचारपूर्वक निवडतात.