ओगामी इत्तो

ओगामी इत्तो हा ‘कोझुरे ओकामी’ (लेकरासह लांडगा) या जपानी ऐतिहासिक मांगा (चित्रकथा) मालिकेचा तलवारबाज नायक. लेखक काझुओ कोइके (१९३६–२०१९) आणि चित्रकार गोसेकी कोजिमा (१९२८–२०००) यांची ही मालिका १९७० ते १९७६ या काळात ‘मांगा अ‍ॅक्शन’ साप्ताहिकात क्रमशः आली. पुढे तिचे २८ खंड निघाले. कथा एदो काळातली (१६०३–१८६८), म्हणजे तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांच्या (लष्करी राज्यकर्त्यांच्या) राजवटीतली आहे. तान्ह्या मुलाला लाकडी गाड्यात बसवून गावोगाव फिरणारा, पैसे घेऊन माणसे मारणारा रोनिन (धनी नसलेला सामुराई) एवढीच इत्तोची ओळख सहसा सांगितली जाते. ती खरी असली तरी अपुरी आहे. या माणसाची सगळी गुंतागुंत त्याच्या आधीच्या नोकरीत आहे.

इत्तो हा शोगुनचा ‘काइशाकुनिन’ होता. सामुराईला मृत्युदंड झाला की तो बहुधा सेप्पुकुच्या रूपाने दिला जाई. दंडित माणूस स्वतःचे पोट चिरून घेई आणि मागे उभा असलेला तलवारबाज एका घावात त्याची मान कापून वेदना संपवी. या दुसऱ्या माणसाच्या कामाला काइशाकु म्हणतात. दंड झालेला माणूस दाइम्यो, म्हणजे मोठा सरदार असेल, तर शोगुनच्या वतीने ही तलवार इत्तो चालवी. त्या वेळी त्याच्या अंगावर तोकुगावांच्या तीन पानांच्या राजचिन्हाचा पोशाख असे, त्यामुळे घाव त्याचा असला तरी हात शोगुनचा मानला जाई. असे स्वतंत्र दरबारी पद ही कोइके यांची कल्पना आहे. इतिहासात एदोमधला (आजच्या टोकियोतला) शिरच्छेद आणि प्रेतांवर तलवारींची धार पारखणे ही कामे यामादा आसाएमोन हे नाव पिढ्यान्‌पिढ्या लावणारे घराणे करी, आणि गंमत म्हणजे त्या घराण्याचा दर्जा रोनिनाचाच राहिला. याच लेखक-चित्रकार जोडीने आसाएमोनवर एक वेगळी मालिकाही केली.

कथेतले वैर पदांवरून सुरू होते. शोगुनशाहीची हेरगिरी, गुप्त हत्या आणि देहदंड ही तीन कामे तीन वेगळ्या हातांत आहेत. ‘उरा-याग्यू’ या छुप्या शाखेचा म्होरक्या याग्यू रेत्सुदो याला ती तिन्ही आपल्या घराण्याकडे हवी आहेत. तो इत्तोची पत्नी आझामी हिचा खून घडवतो आणि ओगामींच्या देवघरात तोकुगावांचे चिन्ह असलेली मृताची स्मृतिपट्टी ठेववतो. इत्तो शोगुनचे मरण चिंततो, असा त्याचा अर्थ लावला जातो. शिक्षा अर्थातच सेप्पुकु. याग्यू हे खरे घराणे. शोगुनांना तलवारविद्या शिकवण्याचा मान त्यांच्याकडे होता. रेत्सुदो नावाचा याग्यूही खरोखर होऊन गेला, पण तो शोगुनांचा तलवारशिक्षक याग्यू मुनेनोरी याचा धाकटा मुलगा होता आणि भिक्षू झाला. त्याची छुपी टोळी आणि तिची कारस्थाने मात्र कोइके यांनी रचलेली आहेत.

आदेश धुडकावण्याआधी इत्तो मुलासमोर एक चेंडू आणि एक तलवार ठेवतो. रांगत्या दाइगोरोने चेंडू घेतला तर त्याला आईकडे पाठवायचे, तलवार घेतली तर बापाच्या वाटेवर न्यायचे. मूल तलवारीला हात लावते. मालिकेतला सर्वाधिक गाजलेला प्रसंग हाच, आणि वाचकाला सर्वात अस्वस्थ करणाराही हाच. ज्याला अजून बोलता येत नाही अशाची संमती घेणारा हा बाप क्रूर आहे की आपल्या परीने न्यायी, याचे उत्तर कोइके देत नाहीत. यानंतरच्या वाटेला इत्तो ‘मेइफुमादो’ म्हणतो. देव, मनुष्य, असुर, तिर्यक (पशू), प्रेत आणि नरक या बौद्ध परंपरेतल्या सहा गती. त्यांपैकी कुठलीच आता आपली नाही, असे तो मानतो.

मारेकरी झाल्यावरही त्याच्यातला अधिकारी मरत नाही. त्याचा भाव ठरलेला असतो, ५०० र्‍यो (सोन्याची नाणी). काम देणाऱ्याने हत्येचे कारण पूर्ण सांगितल्याशिवाय तो होकार देत नाही. गाड्यावरच्या फलकावर मूल आणि मनगट दोन्ही भाड्याने मिळतील अशा अर्थाचा मजकूर असतो, आणि दाइगोरो खरोखरच कित्येक कामांत आमिष म्हणून वापरला जातो. समोरचा प्रामाणिक, निष्ठावंत माणूस असला तरी घेतलेले काम इत्तो सोडत नाही. फार तर त्याला सन्मानाने मरू देतो. अशा कथांमध्ये नायकाची बाजू घेणे कठीण जाते, आणि मालिकेचे बळही त्यातच आहे.

इत्तोचा तलवारपंथ सुइओ-र्‍यू. या नावाचा पंथ जपानमध्ये आजही शिकवला जातो, पण कथेतली त्याची तंत्रे बरीचशी रचलेली आहेत. त्याची तलवार ‘दोतानुकी’ प्रकारची: हिगो प्रांतातल्या, म्हणजे आजच्या कुमामोतोतल्या लोहारांची जाड पात्याची, नक्षीकामाशिवायची, रणांगणासाठी केलेली. दरबारी माणसाच्या कमरेला असे रांगडे हत्यार शोभत नाही. मान कापणाऱ्याला मात्र तेच लागते. गाड्याच्या दांड्यांत पाती लपवलेली असतात, पुढे त्यात बंदुकाही येतात.

कोजिमा यांनी उमेदीच्या काळात चित्रपटांचे फलक रंगवले होते आणि कागदी चित्रांच्या खेळासाठी, कामिशिबाईसाठी, चित्रे काढली होती. त्यांच्या कुंचल्यातला इत्तो जवळपास निर्विकार आहे. पानेच्या पाने शब्दांवाचून जातात. पाऊस, गवत, गाड्याची चाके आणि मग एकदम रक्त. भाव दिसतात ते दाइगोरोच्या डोळ्यांत. इत्तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बदलत नाही. बदलतो तो मुलगा आणि आपली मुले एकेक करून गमावणारा रेत्सुदो. उत्तरार्धात शोगुनचे अन्न चाखणारा विषतज्ज्ञ आबे तानोमू येतो. त्याच्या हलकटपणापुढे दोन्ही वैरी एकाच मुशीतले वाटू लागतात. अखेरच्या नदीकाठच्या द्वंद्वात इत्तो मरतो. मग दाइगोरो भाला उचलून धावतो. रेत्सुदो त्याला अडवत नाही, उलट आपला नातू म्हणून कवेत घेतो.

पडद्यावर १९७२ ते १९७४ दरम्यान सहा चित्रपट आले. त्यांत इत्तोची भूमिका तोमिसाबुरो वाकायामा यांनी केली. सहांपैकी चार केंजी मिसुमी यांनी दिग्दर्शित केले. हा इत्तो चित्रांतल्यापेक्षा अंगाने स्थूल, पण तलवार काढताना थक्क करणारा चपळ. जपानी घराघरांत पोहोचला तो मात्र किन्नोसुके योरोझुया यांचा दूरचित्रवाणीवरचा इत्तो (१९७३–१९७६). पहिल्या दोन चित्रपटांची कापाकापी करून १९८० मध्ये अमेरिकेत ‘शोगुन असॅसिन’ तयार झाला. त्यात रक्तपात राहिला, राजकारण गेले.

इंग्रजी भाषांतर १९८७ पासून ‘फर्स्ट कॉमिक्स’ने फ्रँक मिलर यांच्या मुखपृष्ठांसह सुरू केले, पण ते अर्धवट राहिले. पूर्ण २८ खंड २००० पासून ‘डार्क हॉर्स’ने काढले. मॅक्स अ‍ॅलन कॉलिन्स यांनी ‘रोड टू परडिशन’ (१९९८) या चित्रकादंबरीमागची प्रेरणा म्हणून या बापलेकांचे ऋण उघडपणे मान्य केले आहे. कोजिमांच्या निधनानंतर कोइके यांनी हिदेकी मोरी या चित्रकारासोबत दाइगोरोची पुढची कथा लिहिली. तिथे सात्सुमा प्रांतातल्या जिगेन-र्‍यू पंथाचा एक तलवारबाज त्याला सांभाळतो, आणि इत्तोची उणीव पानोपानी जाणवते.